नवी रायफल की जुनी?

पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेत १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे पदक मिळविले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक लाभण्यास ७२ वर्षे लागली. दरम्यान नेमबाजीत कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे जगज्जेतेपदाचे मानकरी ठरले होते. त्याही आधी, २००० साली, अंजली भागवत यांनी सिडनीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती. या यशाच्या परंपरेचा एक परिणाम असा की, एके काळी संस्थानिकांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा मानला जाणारा हा खेळ आता शिक्षक, कारकून आणि रेल्वे कर्मचारी यांच्या घरांत शिरला आहे. कुसळे स्वतः शिक्षकाचा मुलगा आणि रेल्वेचा नोकर आहे, ही गोष्ट या घरांना विशेष जवळची वाटते.

मात्र खेळ घरात शिरला, तरी त्याचा खर्च मध्यमवर्गाच्या बेताचा झालेला नाही. कुस्तीलाही खुराक लागतो आणि तो स्वस्त नसतो. पण तो रोजच्या खर्चात विभागला जातो. रायफलीसाठी एकदम मोठी रक्कम उभी करावी लागते. मीरा-भाईंदरसारख्या नगरात हा प्रश्न स्पष्टपणे दिसतो. २००२ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर लोकसंख्या नोंदविलेल्या या शहरातील असंख्य कुटुंबे घराचे हप्ते फेडीत, लोकलने मुंबईला जाऊन-येऊन नोकऱ्या करणारी आहेत. त्यांच्या मुलांनी पश्चिम रेल्वेच्या गाडीने दादर गाठावे, तर शिवाजी पार्कनजीकच्या सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे. थोडे पुढे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे सरावकेंद्र आहे. पहिले काही महिने क्लबच्या रायफलीवर भागते. पुढे प्रशिक्षक सांगतात, ‘आता स्वतःची रायफल हवी.’ आणि घरात चर्चा सुरू होते : कर्ज काढून नवी घ्यावी, की कोणाची तरी वापरलेली घ्यावी?

पेंटबॉलसारख्या हौशी खेळात हा प्रश्न बहुतेकांपुरता उद्भवत नाही. सहलीला गेल्यावर तासाच्या भाड्याने साहित्य मिळते, खेळ संपला की परत करायचे. वर्षातून एकदा वापरायची वस्तू विकत घेऊ नये, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. रोज सराव करणाऱ्या नेमबाजाचे मात्र तसे नाही. रायफलीचा दस्ता, गालाचा आधार, चापाचा ताण या साऱ्या गोष्टी त्याच्या शरीराशी जुळवाव्या लागतात आणि जुळविलेल्या स्थितीत त्या महिनोन्‌महिने राहाव्या लागतात. तेव्हा विकत घेणे अटळ आहे. प्रश्न उरतो तो नवी की जुनी एवढाच.

पुस्तकांचा बाजार आणि स्कूटरींचा बाजार

जुन्या वस्तूंविषयी आपल्या समाजाची वृत्ती दुटप्पी आहे. जून महिन्यात वरच्या वर्गातील मुलाची पाठ्यपुस्तके निम्म्या किमतीत घेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांवर शिकून अनेक पिढ्या पदवीधर झाल्या. परंतु पुस्तकाखेरीज दुसरी वस्तू जुनी घ्यावयाची म्हटले, की ‘मुलाला दुसऱ्याचे वापरलेले का द्यायचे’ असा सूर लागतो. या भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही, कारण तिच्यामागे एक व्यवहारी शहाणपण दडलेले आहे. पुस्तकाचा दोष पाने चाळली की दिसतो. यंत्राचा दोष पोटात असतो.

नेमक्या याच भेदावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा लेख लिहिला. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन लिहिलेला हा लेख एकामागून एक तीन नियतकालिकांनी नाकारला आणि चौथ्याने छापला. २००१ साली अकरलॉफ यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या लेखाचा वाटा मोठा होता. त्यातील विचार रायफलीला लावून पाहता येतो. समजा, चांगली जुनी रायफल ६५ हजारांच्या योग्यतेची आहे आणि बिघडलेली ३५ हजारांच्या. विकणाऱ्याला आपली रायफल कशी आहे हे ठाऊक असते, घेणाऱ्याला ते कळत नाही. मग तो सावधगिरीने मधली किंमत, म्हणजे ५० हजार, देऊ करतो. चांगल्या रायफलीचा मालक म्हणतो, एवढ्या कमी किमतीत विकण्यापेक्षा कपाटात ठेवीन. बिघडलेलीचा मालक मात्र आनंदाने पुढे येतो. बाजारात वाईट वस्तू उरतात, ग्राहकांना चटके बसतात, ते आणखी कमी किंमत देऊ लागतात आणि अखेरीस चांगली वस्तू बाजारातून बाहेर फेकली जाते. खोट्या नाण्याने खऱ्याला व्यवहारातून घालवावे, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे जुन्या मालाची किंमत ठरविणारे आणखी एक कारण एके काळी प्रबळ होते, ते म्हणजे टंचाई. १९७० आणि १९८० च्या दशकांत बजाजची स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि ताबा मिळालेली स्कूटर लगेच विकली, तर मूळ किमतीहून अधिक पैसे हाती येत. त्या काळात ‘जुनी म्हणजे स्वस्त’ हे समीकरणच खोटे ठरले होते. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या रायफलींना आजही या टंचाईचा थोडाफार वारा लागतो. त्या आयात कराव्या लागतात, आयातीचे नियम आहेत आणि नवोदिताला ती वाट सोपी नाही. तेव्हा जुन्या परदेशी रायफलीसाठी मागितली जाणारी किंमत तिच्या गुणाची आहे की दुर्मिळतेची, हे ग्राहकाने स्वतःला विचारले पाहिजे.

झिजते काय आणि कालबाह्य होते काय

माहितीची ही विषमता कमी करावयाची, तर वस्तूची ओळख करून घ्यावी लागते. दहा मीटरची स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुण देणारा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे या यंत्राला शक्तीपेक्षा सातत्य अधिक हवे. प्रत्येक छर्ऱ्यामागे हवेचा तेवढाच दाब, तेवढाच वेग.

आता झीज पाहू. नळीतून जाणारा छर्रा मऊ शिशाचा असल्याने पोलादी नळी वापराने फारशी झिजत नाही. तिला धोका असतो तो अडाणी साफसफाईचा आणि गंजाचा. वसईच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना खाऱ्या, दमट हवेत लोखंडाचे काय होते ते सांगावयास नको. दस्ता लाकडी असो की अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावरील ओरखडे दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असतात. विक्रेता त्यांसाठी किंमत कमी करीत असेल, तर तो ग्राहकाचा लाभच आहे. दाब रोखून धरणाऱ्या रबरी कड्या मात्र वाळतात, चिरतात आणि बदलाव्या लागतात. हवेचा दाब नियंत्रित करणारा भाग बिघडला, तर छर्ऱ्यांचा वेग कमीजास्त होऊ लागतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हवेचे सिलिंडर. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार दाबाची हवा असते, तर रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत भरली जाते. एवढा दाब वर्षानुवर्षे सोसणाऱ्या धातूला वय असते. म्हणून सिलिंडरवर निर्मितीची तारीख किंवा मुदत कोरलेली असते, आणि अनेक उत्पादक ती मुदत दहा वर्षांची धरतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची असते. मुदत उलटलेले सिलिंडर घेऊन स्पर्धेस गेल्यास साहित्य तपासणीत अडचण येते, आणि स्पर्धेची गोष्ट सोडली, तरी ते गालाजवळ धरून खेळणे धोक्याचे आहे. रायफल कपाटात पडून होती, फार वापरली नाही, असे विक्रेता अभिमानाने सांगतो. पण सिलिंडरचे वय कपाटातही वाढते. अभ्यासक्रम बदलला, की कोऱ्या करकरीत पाठ्यपुस्तकाची रद्दी होते, तसेच हे आहे.

पोशाखाचा हिशेब निराळा. कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ जाकीट नेमबाजाच्या शरीराला आधार देते. त्याची जाडी आणि ताठपणा यांवर नियमांची मर्यादा आहे. कापडाचा एक पदर २.५ मिलिमीटरहून जाड चालत नाही. वापराने जाकीट मऊ पडते आणि त्याचा उपयोग घटतो. तथापि बारा-तेरा वर्षांचे मूल दरवर्षी उंच होत असते. त्याच्यासाठी मापाचे नवे जाकीट शिवून घेणे म्हणजे शाळेचा गणवेश रेशमाचा शिवण्यासारखे आहे. पहिली दोन वर्षे जुने जाकीट आणि वाढ थांबल्यावर नवे, हा क्रम शहाणपणाचा ठरतो. छर्रे मात्र नेहमी नवे आणि चांगलेच घ्यावेत, कारण तेथे काटकसर केली, तर सरावाचाच अर्थ हरपतो.

हिशेब मांडून पाहू

घेताना मोजलेली रक्कम ही वस्तूची खरी किंमत नव्हे. वस्तू आपल्याकडे राहिली त्या काळात एकूण किती पैसा गेला, ही तिची खरी किंमत. उदाहरणादाखल सोईचे आकडे घेऊ; प्रत्यक्षातील भाव प्रत्येकाने आपापले भरावेत. नवी रायफल १ लाखाला घेतली आणि दोन वर्षांनी ७० हजारांना विकली, तर घट ३० हजारांची. पैसे पतपेढीतून द. सा. द. शे. १२ दराने घेतले असतील, तर दोन वर्षांचे सरळव्याज २४ हजार. एकूण ५४ हजार. जुनी रायफल ६५ हजारांना घेतली आणि ५० हजारांना विकली, तर घट १५ हजार, व्याज १५,६०० आणि कड्या बदलणे वगैरे देखभालीचे ५ हजार. एकूण ३५,६००. जुनीचा लाभ १८,४०० रुपयांचा.

परंतु जुनीच्या सिलिंडरची मुदत संपलेली निघाली आणि नव्या सिलिंडरला समजा १२ हजार पडले, तर जुनीचा खर्च ४७,६०० वर जातो आणि लाभ ६,४०० रुपयांवर येतो. त्यावर दाबनियंत्रक किंवा चाप दुरुस्त करण्याची पाळी आली, की तोही संपला. म्हणजे सिलिंडरवर कोरलेल्या चार आकड्यांची किंमत १२ हजार रुपये आहे, आणि ते आकडे न पाहता सौदा करणारा तेवढ्या रकमेचा जुगार खेळत असतो.

या हिशेबातून दुसरीही गोष्ट निघते. मूल हा खेळ किती काळ खेळेल याची खात्री नसताना नवी वस्तू घेणे अधिक महाग पडते, कारण सर्वांत मोठी घट सुरुवातीच्या काळात होते. आणि आपल्याकडे ही अनिश्चितता फार मोठी आहे. दहावीचे वर्ष आले, की सराव थांबतो. बारावीला तर रायफल कपाटात जाते ती कायमची. अनेक मुले खेळ सोडतात ती रायफल वाईट म्हणून नव्हे, परीक्षा आली म्हणून. जुनी रायफल घेणाऱ्याच्या दृष्टीने ही वस्तुस्थिती उपकारक आहे. अकरलॉफ यांच्या बाजारात विक्रेता वाईट माल काढून टाकण्यासाठी येतो. येथे मात्र चांगला माल विकण्यासही सबळ कारण असते. म्हणून जुनी रायफल घेताना ‘केवढ्याला’ या प्रश्नाच्या आधी ‘का विकता’ हे विचारावे. बारावीला गेलेल्या मुलाची रायफल आणि गेल्या वर्षी तीन हातांतून फिरलेली रायफल यांची किंमत सारखी असू शकत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, स्पर्धेच्या ऐन क्षणी जुने यंत्र दगा देईल. आक्षेप खोटा नाही, पण नव्याची तरी हमी कोणी द्यावी? २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. देशाच्या अव्वल खेळाडूचे ते साहित्य होते. तिनेच तीन वर्षांनी पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविली. तेव्हा यंत्र नवे आहे की जुने यापेक्षा त्याचे सुटे भाग आणि ते बसवू जाणणारा कारागीर जवळ आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे. या दृष्टीने देशी बनावटीच्या रायफलीचा विचार सामान्य कुटुंबाने अवश्य करावा. अशा एअर रायफली तयार करणारा कारखाना आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे. परदेशी जुनी रायफल आणि देशी नवी रायफल यांच्या किमती जवळपास येत असतील, तर पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी दुसरीचे पारडे जड ठरते.

प्रामाणिक मध्यस्थ हवा

येथवर व्यक्तीने काय करावे ते सांगितले. पण शिक्षक किंवा कारकून असलेल्या पालकाने दाबनियंत्रक तपासावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. सुशिक्षित असण्याचा आणि रायफल ओळखण्याचा काही संबंध नाही. जेथे ग्राहकाला पारख करता येत नाही, तेथे बाजार सुधारण्याचा एकच मार्ग आहे : विश्वासार्ह तिसऱ्याने पारख करून तशी लेखी ग्वाही द्यावी. सोन्यावरील शुद्धतेचा छाप हेच काम करतो.

रायफल क्लब आणि जिल्हा संघटना हे काम अल्प श्रमात करू शकतात. स्पर्धेच्या वेळी साहित्याची तपासणी त्या करतातच. तीच तपासणी विक्रीच्या वेळी माफक शुल्क घेऊन करावी. रायफल पक्की आवळून दहा छर्रे सोडावेत आणि साऱ्यांचे मिळून जवळपास एकच छिद्र पडते का ते पाहावे. वेग यंत्रावर मोजावा. सिलिंडरची तारीख, रायफलीचा क्रमांक आणि झालेल्या दुरुस्त्या एका नोंदवहीत लिहाव्यात. त्या नोंदीची सहीशिक्क्याची प्रत घेणाऱ्याच्या हाती द्यावी. अशी प्रत असलेल्या रायफलीला अधिक भाव मिळू लागला, की चांगल्या रायफलीचे मालक आपणहून कपाटे उघडतील. नोंदीचा कायदेशीर लाभही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. परवाना नाही म्हणून कागदही नको, असा सोईस्कर अर्थ लावण्यापेक्षा मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवणे हिताचे आहे.

दुसरे काम महाविद्यालयांचे आणि महानगरपालिकेचे आहे. ग्रंथालयात क्रमिक पुस्तकांचा संच ठेवून गरजू विद्यार्थ्यांना तो वर्षभर देण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे. त्याच धर्तीवर दोन-तीन तपासलेल्या रायफली आणि निरनिराळ्या मापांची जाकिटे संस्थेने घ्यावीत आणि वर्षाच्या कराराने वापरावयास द्यावीत. एका विद्यार्थ्याने खेळ सोडला, तर साहित्य दुसऱ्याकडे जाईल; घट एका कुटुंबावर न पडता अनेकांत विभागली जाईल. ही कल्पना स्वप्नाळू नाही. स्वप्नील कुसळे राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला, म्हणजे पहिल्या वर्षांचा भार केवळ घरावर न टाकण्याचे तत्त्व शासनाने मान्य केलेलेच आहे. ते प्रबोधिनीच्या मोजक्या मुलांपुरते न राहता शहरातील महाविद्यालयांपर्यंत यावे, एवढेच मागणे आहे.

जुन्या मालाला उत्तेजन दिल्याने नव्याचा खप घटेल आणि देशी उत्पादकाचे नुकसान होईल, अशी भीती व्यक्त होईल. ती निराधार आहे. आपली वस्तू पुढे योग्य भावाने विकली जाईल असा भरवसा असलेला ग्राहक नवी वस्तू अधिक सहज घेतो. जुन्याचा बाजार नीट चालला, तर नव्याचाही चालतो.

तोपर्यंत पालकांनी एवढे करावे. पहिले वर्ष क्लबच्या रायफलीवर काढावे. पुढे जुनी घ्यावयाची, तर सिलिंडरची तारीख स्वतः वाचावी, विकण्याचे कारण विचारावे, प्रशिक्षकाकरवी चाचणी करून घ्यावी आणि यांपैकी एकाही गोष्टीस विक्रेता तयार नसेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी उठून यावे. पतपेढीतून मोठे कर्ज काढून नवी रायफल घेण्याचा विचार मुलाची दहावी पार पडेपर्यंत लांबणीवर टाकावा. दहावीनंतरही जो मुलगा किंवा मुलगी पहाटेची लोकल धरून सरावाला जाईल, तिच्यासाठी कर्ज काढण्यास हरकत नाही. त्याआधी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र, रायफल कपाटात गेल्यावरही, पगारातून कापले जात राहतात.